घरच्या हायड्रोजन सेलमध्ये ग्रॅफाइट: मायनसला टिकतं, प्लसला झिजतं

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाण्यातून हायड्रोजन काढायचा प्रयोग दरवर्षी कुणी ना कुणी मांडतंच. पेन्सिलीच्या दोन शिशी, नऊ व्होल्टची बॅटरी, ग्लासभर मीठपाणी. दहा मिनिटांत पाणी काळं पडतं, नाकाला झोंबणारा वास येतो आणि प्लसची शिस भुसभुशीत होऊन मोडते. मग ठरवलं जातं की ग्रॅफाइट कामाचं नाही. खरं तर ग्रॅफाइट चांगलं आहे, ते लावलं चुकीच्या बाजूला. मायनसला लावलं तर तीच कांडी कितीतरी महिने चालते. या लेखात नळाच्या पाइपचा एक छोटा सेल बांधायचा आहे. त्यात ग्रॅफाइट कुठे लावायचं, कसं तयार करायचं आणि काय बिघडलं की काय समजायचं, ते क्रमाने पाहू. सामान सगळं सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये मिळतं.

प्लसला ग्रॅफाइट का झिजतं

मायनस टोकावर पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि तिथे कार्बनला काही होत नाही. प्लस टोकावर ऑक्सिजन तयार होतो. पाण्यातून ऑक्सिजन काढायला हायड्रोजनच्या मानाने किमान १.२३ व्होल्ट लागतात, पण कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला ०.२१ व्होल्टच्या आसपासही पुरतात. म्हणजे ऑक्सिजन सुटण्याच्या कितीतरी आधीच कार्बन खपायला तयार असतो. ही क्रिया मुळात मंद आहे, म्हणून कांडी लगेच नाहीशी होत नाही. करंट आणि उष्णता वाढवली की ती मंद राहत नाही.

दुसरं नुकसान जास्त दिसतं. ग्रॅफाइट म्हणजे कांद्यासारखे एकावर एक बसलेले पापुद्रे. प्लसला जोडल्यावर द्रावणातले ऋणभारित आयन या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतात, थर फुगतात आणि सुटून पडतात. पाण्यात तरंगणारा काळा गाळ तोच. हिशोबाने कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला तर एका अँपिअर-तासाला जास्तीत जास्त ०.११ ग्रॅम कार्बन जायला हवा. कांडी त्याहून जास्त हलकी होत असेल, तर बाकीचा भाग नुसता पापुद्रे सुटून पडलेला असतो.

यात एक फसवी गोष्ट आहे. पातळ आम्लात सेल चालवला आणि प्लसचं ग्रॅफाइट खपत असलं, तरी वायूंचं प्रमाण २ : १ च दिसतं. कारण चार इलेक्ट्रॉनमागे ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, तसाच कार्बन डायऑक्साइडचाही एकच. खरं-खोटं करायचं तर प्लसकडचा वायू चुन्याच्या निवळीतून सोडा. पानपट्टीतला खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की वरचं स्वच्छ पाणी म्हणजे निवळी. ती दुधाळ झाली की समजा, तुमची कांडी वायू होऊन चालली आहे. कॉस्टिकच्या, म्हणजे आपण पुढे वापरणार आहोत त्या कॉस्टिक सोड्याच्या, द्रावणात मात्र कार्बन डायऑक्साइड तिथेच विरघळून कार्बोनेट होतो. म्हणून तिथे प्लसकडचा वायू निम्म्याहून कमी भरतो: हायड्रोजन २० मिलिलिटर आणि समोर फक्त ६-७.

मीठ का नको

इंटरनेटवरच्या बऱ्याच कृतींत मीठ आणि ग्रॅफाइट एकत्र दिसतात, आणि त्याला जुनं कारण आहे. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढणाऱ्या कारखान्यांत पूर्वी ग्रॅफाइटचेच अॅनोड असत. १९६०-७० च्या दशकांत लेप दिलेल्या टायटॅनियमने त्यांची जागा घेतली. तिथे क्लोरीनच हवा होता. घरात तो नको. तो विषारी आहे, आणि उरलेल्या पाण्यात ब्लीचिंगसारखं द्रव्य तयार होतं. बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असतात आणि कॅल्शियम मायनस कांडीवर पांढरं पुट धरतं. म्हणून बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटरच वापरा. आरओचं पाणी चालेल असं वाटतं, पण त्यातही क्षार उरतात.

कांडी कुठली घ्यायची

पेन्सिलीची शिस ग्रॅफाइट आणि मातीच्या मिश्रणाची असते. एचबीमध्ये माती बरीच, ६बी-८बीमध्ये कमी. दोन मिलिमीटर जाडीत अडथळा काही ओहमचा असतो आणि पृष्ठभाग नगण्य. पाच मिनिटांच्या दाखवण्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

साध्या झिंक-कार्बन मोठ्या सेलमधली कांडी चांगली. ती साधारण ८ मिलिमीटर जाड आणि बोटभर लांब असते. सेल कापताना हातमोजे घाला. आतल्या काळ्या भुकटीत मँगनीज डायऑक्साइड आणि क्लोराइडचे क्षार असतात. कांडी दोनदा नव्या पाण्यात दहा-दहा मिनिटं उकळा, नाहीतर तोच क्लोराइड क्लोरीन होऊन बाहेर येईल. ज्यावर 'अल्कलाइन' लिहिलंय तो सेल फोडू नका: आत कार्बनची कांडी नसते, पोटॅशचं कॉस्टिक असतं. लिथियमच्या सेलला तर हातच लावू नका.

या सेलसाठी आमची पसंती गाउजिंग रॉडला, म्हणजे वेल्डिंगच्या कामातल्या कार्बनच्या कांडीला. कास्टिंगमधला दोष खोदून काढायला किंवा जुना वेल्ड उडवायला फौंड्री आणि फॅब्रिकेशनवाले तो वापरतात. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीजवळच्या वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात ८ मिलिमीटर जाडीचा, तीसेक सेंटिमीटर लांबीचा रॉड सुटा मागता येतो. त्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तो मुलामाच या कांडीचा मोठा गुण आहे, कारण ग्रॅफाइटला सोल्डर धरत नाही, पण तांब्याला धरतं. वरचे ३ सेंटिमीटर मुलामा तसाच ठेवा, खालचा सगळा पॉलिश पेपरने काढा. राखाडी काळा रंग एकसारखा दिसेपर्यंत घासायचं. कुठे लाल ठिपका राहू देऊ नका. हे घासकाम आणि कापकाम उघड्यावर, तोंडाला मास्क लावून करा. ही भुकटी वीज वाहते, म्हणून मीटर आणि अॅडॉप्टरपासून लांब.

कांडीत मेण मुरवणं

ग्रॅफाइटला बारीक छिद्रं असतात आणि द्रावण त्यातून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं. दोन-तीन दिवसांत ते वरच्या जोडापर्यंत पोचतं. तांब्यावर निळसर-हिरवी पूड येते, सोल्डर सुटतो आणि करंट अचानक कमी होतो. बाहेरून सगळं कोरडं दिसतं, त्यामुळे कारण शोधण्यात दिवस जातो.

उपाय सोपा आहे. पॅराफिन मेण (साधी पांढरी मेणबत्ती चालेल) एका डब्यात घेऊन तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट आचेवर मेण कधीच वितळवू नका. कांडीचं मुलाम्याचं टोक वर धरा आणि मुलाम्याच्या लगेच खालचा ६-७ सेंटिमीटरचा भाग मेणात बुडेल इतकं मेण घ्या. अर्धा तास ठेवलं की आधी बारीक बुडबुडे निघतात आणि मग थांबतात. थांबले म्हणजे छिद्रं भरली. बाहेर काढून गरम असतानाच कापडाने पुसा. द्रावणात राहणाऱ्या खालच्या भागावर मेणाचा थर राहिला तर तो खरवडा, कारण तिथे वीज जायला हवी. झिंक-कार्बन सेलमधून काढलेल्या कांडीला कारखान्यातच मेण दिलेलं असतं.

प्लसला काय लावायचं

कॉस्टिक किंवा धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात प्लससाठी निकेल सर्वात चांगलं. ई-बाइकच्या बॅटरी दुरुस्त करणाऱ्यांकडे सेल जोडायची निकेल पट्टी असते, ०.१५ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद. तिच्यात दोन प्रकार येतात: शुद्ध निकेल, आणि लोखंडावर निकेलचा मुलामा. लोहचुंबकाने फरक कळत नाही, दोन्ही चिकटतात. तुकडा पॉलिश पेपरने ओरखडा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर ती पट्टी परत करा.

निकेल मिळालं नाही तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, तेही फक्त कॉस्टिकमध्ये. द्रावणाला पिवळी झाक आली की लगेच बंद करा. तो पोलादातला क्रोमियम आहे, विरघळताना त्याचं विषारी क्रोमेट झालेलं असतं. ते पाणी मोरीत ओतू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. खायच्या सोड्यात किंवा मिठात स्टील लावल्यावर हे फार लवकर होतं.

दोन्ही बाजूंना ग्रॅफाइटच लावायचं असेल तर करंट एकेका कांडीच्या पृष्ठभागामागे चौरस सेंटिमीटरला २० मिलिअँपिअरच्या आत ठेवा, द्रावण कोमट होऊ देऊ नका आणि प्लसची कांडी खपणारी वस्तू आहे असं धरून चाला. आज ही प्लस, उद्या ती प्लस असं आलटून पालटून करू नका. त्याने दोन्ही खराब होतात.

सेल बांधणं

आकार इंग्रजी यू अक्षरासारखा. एक इंची पीव्हीसी पाइपच्या दोन उभ्या भुजा, खाली दोन एल्बो, मध्ये त्यांना जोडणारा छोटा तुकडा. प्रत्येक भुजेच्या डोक्यावर एमटीए, म्हणजे बाहेरून आटे असलेला पाइपचा जोड, आणि त्यावर आट्यांची कॅप, म्हणजे कांडी बदलता येते. एमटीएसकट भुजेची उंची २५ सेंटिमीटर. खालचा तुकडा एल्बोत जाईल एवढाच, ५ सेंटिमीटरचा. कोल्ड ड्रिंकची बाटली या कामाला वापरू नका. ते प्लास्टिक कॉस्टिकमध्ये हळूहळू खराब होतं. अॅक्रिलिकला तडे जातात. अॅल्युमिनियमचं भांडं तर मुळीच नको, कॉस्टिक त्याला खातं आणि तिथूनच हायड्रोजन सुटायला लागतो.

पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन लावून जोडलं की सेल २४ तास तसाच ठेवा. तोवर कॅप तयार करा. मधोमध कांडीसाठी ८ मिलिमीटरचं भोक, बाजूला वायूच्या नळीसाठी ४ मिलिमीटरचं. मिरजेत दवाखान्यांच्या आसपासच्या औषध दुकानांत सलाइनचा सेट सहज मिळतो. त्याची नळी इथे बरोबर बसते. सेटवरचा चाकाचा क्लॅम्प आधी काढून टाका, कारण चुकून तो बंद झाला तर वायूला वाट राहणार नाही. कॅपचा आतला भाग पॉलिश पेपरने खरखरीत करून अॅराल्डाइटने दोन्ही पक्के करा; गुळगुळीत पीव्हीसीवर ते धरत नाही.

कांडी २५ सेंटिमीटर कापा. ३ सेंटिमीटर कॅपच्या वर, बाकी आत. खालचं टोक एल्बोत शिरता कामा नये. वाकणापासून वर थांबलं पाहिजे. टोक वाकणात गेलं तर बुडबुडे खालच्या तुकड्यातून समोरच्या भुजेत जातात आणि दोन्ही वायू मिसळतात. हे मिश्रण सर्वात धोकादायक. दुसऱ्या कॅपमध्ये निकेलच्या दोन पट्ट्या एकत्र घालून वर तेवढ्याच बाहेर काढा. वायर कॅपच्या बाहेरच जोडा. द्रावणात तांब्याचा जोड बुडला तर प्लसला तो विरघळून पाणी निळं होतं.

द्रावण आणि वीज

चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कॉस्टिकचा डबा उघडू नका. प्लास्टिकच्या भांड्यात २७० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात ३० ग्रॅम कॉस्टिक सोडा चमचा-चमचा टाकत ढवळा. नेहमी पाण्यात कॉस्टिक. कॉस्टिकवर पाणी नाही, नाहीतर उकळून अंगावर उडतं. थंड झाल्यावर सेलमध्ये वरच्या कडेपासून ४ सेंटिमीटर खालपर्यंत भरा. थोडं उरेल. अंगावर थेंब पडला तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर तेच करत डॉक्टरांकडे.

शाळेतली मुलं स्वतः हाताळणार असतील तर कॉस्टिकऐवजी धुण्याचा सोडा घ्या, तेच प्रमाण. करंट चौथ्या-पाचव्या भागावर येतो, पण कातडी भाजायची धास्ती खूप कमी होते. प्रदर्शनाला तेवढा वायू पुरतो.

राउटरचा किंवा कॅमेऱ्याचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॉप्टर वापरा, तारेत ३ अँपिअरचा फ्यूज टाका. प्लस निकेलला, मायनस ग्रॅफाइटला. घरचा २३० व्होल्टचा प्रवाह सेलला थेट कधीच देऊ नका. या मापाच्या सेलमध्ये दोन कांड्यांमधल्या द्रावणाचा अडथळा दहा ओहमच्या आसपास पडतो, म्हणून सुरुवातीला मीटर ०.८ ते १ अँपिअर दाखवेल. द्रावण तापलं की करंट आपोआप चढतो. पाइप हाताला चांगला गरम लागला की थांबा. अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग चालवू नका.

एका अँपिअरला मिनिटाला साडेसात मिलिलिटर हायड्रोजन सुटतो, ऑक्सिजन त्याच्या निम्मा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच असल्याने इथे तो थोडा जास्त भरेल, आठच्या जवळ. याहून फार कमी आला तर गळती आहे.

पहिल्यांदा चालवताना

द्रावण भरण्याआधी सेल साध्या पाण्याने भरून गळती पाहा, आणि जोडांवर साबणाचा फेस लावून नळीतून हळूच फुंका. कॉस्टिकची बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, तिथे हळद कामाला येते. चमचाभर स्पिरिटमध्ये अर्धा चमचा हळद कालवून टिपकागदाला लावा आणि वाळवा. हा पिवळा कागद जोडावर टेकवला की कॉस्टिकच्या ओलीवर लगेच लालसर-तपकिरी होतो. सांगलीत हळदीला काय तोटा!

दोन्ही नळ्यांची टोकं पाण्याच्या पसरट भांड्यात सारख्याच खोलीवर बुडवा, २ सेंटिमीटर पुरे. एक नळी एका सेंटिमीटरने खोल गेली की त्या भुजेतलं द्रावण दुसरीपेक्षा तेवढंच खाली जातं. फरक फार झाला तर वायू खालून दुसरीकडे निसटेल. पाण्यातून गेल्याने वायूबरोबर आलेले कॉस्टिकचे बारीक तुषारही धुतले जातात.

आता वेळ देण्याचं काम. भुजेच्या वरच्या रिकाम्या जागेत सुमारे ३० मिलिलिटर हवा असते. पहिली बारा-पंधरा मिनिटं येणारा वायू नुसता सोडून द्या, मगच गोळा करा. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेटतो, आणि त्याला सूक्ष्म ठिणगीही पुरते. खोलीची खिडकी उघडी, पंखा बंद, आसपास गॅस-उदबत्ती काही नाही.

पाण्याने भरलेली २० मिलिलिटरची परीक्षानळी उलटी धरून हायड्रोजन गोळा करा, तोंड खाली ठेवूनच सेलपासून दोन मीटर दूर न्या, चष्मा लावून काडी दाखवा. 'भुक्' असा मऊ आवाज झाला तर हायड्रोजन शुद्ध. कर्कश चिरकला तर आत अजून हवा आहे, आणखी दहा मिनिटं जाऊ द्या. ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून नळीच्या तोंडाशी बोट नेऊ नका. बाटलीत किंवा फुग्यात हायड्रोजन साठवू नका. दोन्ही वायू एकाच नळीतून नेणारी रचना तर टाळाच. २ : १ चं ते मिश्रण पेटत नाही, फुटतं.

बंद करताना आधी दोन्ही नळ्या पाण्याबाहेर काढा, मग अॅडॉप्टर. उलट केलं तर सेल थंड होताना भांड्यातलं पाणी आत ओढून घेतो.

बिघाड कसा ओळखायचा

करंट शून्य असेल तर बहुधा वरचा जोड गेला आहे. मुलाम्याची निळी पूड पाहा आणि मेण पुन्हा मुरवा. करंट आहे पण मायनसला वायू कमी, तर आट्यांवर टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळा. निकेल काळपट होणं साहजिक आहे, तो त्याचाच ऑक्साइड. घासून काढायची गरज नाही. मायनसच्या ग्रॅफाइटवर पांढरट थर दिसला तर पाणी डिस्टिल्ड नव्हतं. कांडी धुऊन व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवा, पुन्हा धुवा. द्रावण काळं झालं तर वायर उलट्या लागल्या आहेत का ते आधी तपासा. ग्रॅफाइट प्लसला गेल्याची ती पहिली खूण.

काम झाल्यावर द्रावण सुती कापडातून गाळून जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, वर मोठ्या अक्षरात 'कॉस्टिक' लिहा. पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, कुणी पिऊ शकतं. टाकायचंच असेल तर बादलीभर पाण्यात, १०-१५ लिटरमध्ये, पातळ करून. पिवळी झाक असेल तर हे लागू नाही. ते वेगळं ठेवा.

हा सेल गाडीच्या इंजिनाला किंवा शेगडीला जोडायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो, म्हणून आकडे पाहा. १२ व्होल्टला एक अँपिअर तासभर दिला तर ४३ किलोज्यूल वीज खर्च होते. त्यातून अर्ध्या लिटरपेक्षा कमी हायड्रोजन मिळतो आणि तो जाळून सुमारे ५ किलोज्यूल परत येतात. बाकी सगळं द्रावण तापवण्यात गेलं. हे प्रमाण सुधारायचं असेल तर दोन टोकांमधलं अंतर कमी करावं लागतं, आणि अंतर कमी केलं की वायू वेगळे ठेवायला मध्ये पडदा लागतो. तिथून पुढे पाइप आणि एल्बोचं काम संपतं. या यू सेलमध्ये मात्र मायनसची कांडी वर्षभराने काढून पाहिली, तरी पॉलिश पेपरचे ओरखडे तिच्यावर तसेच दिसायला हवेत.